फुकटात जुने पिक्चर, पण अख्खे

आमच्याकडे सध्या तीन ओटीटी चालू आहेत. एक मोबाइलच्या रिचार्जसोबत आलंय, एक लेकीच्या हट्टापायी घेतलंय, आणि तिसरं का घेतलं होतं ते आता घरात कोणालाच आठवत नाही, पैसे मात्र इमानेइतबारे कापले जातात. एवढं सगळं असून सासूबाई एकदा म्हणाल्या 'जगाच्या पाठीवर' लाव गं, तर तिन्हीकडे शोधून मिळेना. नाव टाकलं की ॲप आपलं गेल्या वर्षीचा कुठलातरी मारामारीचा पिक्चर पुढे करतं, वर "तुम्हाला हेही आवडेल" म्हणतं. १९६० सालचा राजा परांजप्यांचा पिक्चर मागणाऱ्या बाईला ते कसं आवडेल हे त्या ॲपलाच ठाऊक.

यूट्यूबवर मिळाला. लगेच, फुकट.

तेव्हापासून मी या उद्योगात जरा जास्तच पडलेय असं घरच्यांचं म्हणणं आहे. असू दे. पण माझं आता पक्कं मत झालंय की १९९० च्या आधीचे मराठी पिक्चर बघायला नवीन सबस्क्रिप्शन घेण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. पैसे घालायचेच असतील तर वायरीत घाला, प्लेअरच्या डबड्यात घाला. पिक्चर सापडणं हा भाग सोपा आहे, खरी भानगड नंतर सुरू होते, म्हणजे तो अख्खा आहे का, सुलटा आहे का आणि आवाज येतोय का.

आधी नवऱ्याचा प्रश्न निकालात काढते, कारण तो सगळेच विचारतात. फुकट म्हणजे चोरीचं का? तर नाही, दरवेळी नाही. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट रिलीज झाल्यापासून ६० वर्षं असतो, आणि मोजायला सुरुवात होते पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६० चा पिक्चर २०२० च्या ३१ डिसेंबरला मोकळा झाला. १९५३ चा 'श्यामची आई' तर त्याच्याही कितीतरी आधी. प्रभात फिल्म कंपनीचे जुने पिक्चर, राजा परांजप्यांचे १९५० च्या दशकातले पिक्चर, सगळे यात आले. दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाची बॅच मोकळी होते, मला तर नवीन वर्षाचं तेवढंच एक कौतुक वाटतं.

आता यात एक मेख आहे. पिक्चर मोकळा झाला तरी गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा असतो, तिथे ६० वर्षं मोजतात ती कवी किंवा संगीतकार गेल्यानंतरची. कवी गदिमा गेले १९७७ ला आणि संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ ला, तर घ्या हिशोब करून. त्यामुळे कधीकधी असं होतं की पिक्चर छान चाललाय, हिरोईन झाडाला टेकून उभी राहिली, तोंड उघडलं आणि आवाजच गेला. दोन-तीन मिनिटं नुसतीच ओठ हलवतेय. आपल्या टीव्हीला काही झालेलं नसतं, अपलोडवर कोणीतरी म्युझिकचा क्लेम, म्हणजे गाणं आमच्या हक्काचं असा दावा, टाकला की गाणं तेवढं म्यूट होतं. अशा वेळी दुसरं अपलोड शोधायचं, रिमोट आपटायचा नाही (आमच्याकडे आपटून झालाय).

नंतरच्या काळातले, म्हणजे लक्ष्या-अशोक सराफ जमान्यातले पिक्चर अजून हक्कात आहेत, पण ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनीच ते यूट्यूबवर टाकून ठेवलेत. शेमारू मराठीबाणा, राजश्री मराठी, एव्हरेस्ट, अल्ट्रा, यांच्या चॅनलवर जाऊन नुसतं खाली खाली जात राहिलं तरी दोन-चार पावसाळे निघतील. मधे जाहिराती येतात, आणि त्या नेमक्या कुठे टाकायच्या हे ठरवणारा माणूस खुनशी असावा, कारण चोर पकडला जाणार तेवढ्यात टाइल्सची जाहिरात येते. महिन्याला दीडशेच्या आसपास भरून त्या बंद करता येतात. मी भरत नाही. जाहिरात आली की मी कुकर बघून येते.

टेलिग्रामवरच्या लिंकांचं काय, असं भाचा विचारत होता. नको रे बाबा. एक तर त्यात पिक्चरच्या आधी सट्ट्याच्या ॲपच्या चार खिडक्या उघडतात, आणि दुसरं म्हणजे २०२३ मधे कायदा बदललाय, चोरून कॉप्या काढणाऱ्यांना आणि पसरवणाऱ्यांना कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. कशाला ती कटकट, जे शोधतोय ते सरळ मार्गाने पडलेलं असताना.

शोधायची एक युक्ती सांगते. नाव देवनागरीत टाकून बघायचं, मग इंग्रजी अक्षरांत टाकायचं आणि तेही दोन-तीन स्पेलिंगांनी, कारण अपलोड करणाऱ्याने कुठे ए लावलाय कुठे डबल ए याला धरबंध नाही. मग फिल्टरमधे जाऊन वीस मिनिटांच्या वरचेच व्हिडिओ दाखव म्हणायचं. हे नाही केलं तर "कॉमेडी सीन भाग ७" असलेच तुकडे पन्नास येतात आणि पिक्चर खाली कुठेतरी गाडलेला राहतो. नावाने नाहीच मिळाला तर त्यातल्या गाण्याने शोधायचा, खाली कमेंटमधे कोणीतरी काका अख्ख्या पिक्चरची लिंक देऊन गेलेले असतात. या काकांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आता उलट्या पिक्चरची गंमत. एकदा सासूबाई बघत बसल्या होत्या, मी आत पोळ्या करत होते, तर बाहेरून आवाज आला, "अगं ही सून गुजरात्यांकडची दाखवलीये का?" म्हटलं नाही हो, कोल्हापूरकडची आहे. "मग पदर उजव्या खांद्यावर कसा?" बाहेर येऊन बघते तर खरंच, सगळ्या बायकांचे पदर उजवीकडे. थोड्या वेळात पंगतीचा सीन आला आणि अख्खी पंगत डाव्या हाताने जेवतेय. पुढे दवाखान्याची पाटी आली ती उलटी, तेव्हा उलगडा झाला. पिक्चर आरशात बघितल्यासारखा फिरवून टाकला होता. यूट्यूबची यंत्रणा एकसारखे व्हिडिओ आपोआप पकडते, ती चुकवायला हे लोक चित्र उलटं करतात, नाहीतर झूम करून कडा कापतात, नाहीतर भोवती फुलांची चौकट लावतात. झूमवाला प्रकार जास्त वाईट, कारण त्यात कपाळापासून वरचं सगळं गायब होतं, आणि जुन्या मराठी पिक्चरमधे फेटे किती असतात ते तुम्हाला माहितीये. असलं अपलोड दिसलं की सरळ सोडून द्यायचं, तो हक्कवाल्याने टाकलेला नाही हे नक्की आणि बहुतेक वेळा दुसरीकडे बरा मिळतोच.

आणि मग येतो माझा सगळ्यात आवडता भाग, पिक्चर अख्खा आहे का हे ओळखणं. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात ना, जे आपण सगळे लहानपणी नुसतं किती रिळांचा आहे एवढंच बघायचो (सोळा रिळं म्हटलं की थिएटरात खूश), त्याच्यावर लांबीपण असते, मीटरमधे, जुन्यांना फुटात. तिथे पॉज करायचं. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम असतात, सेकंदाला २४ फ्रेम पळतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट, साधारण २७.४ मीटर. सर्टिफिकेटवर ३६०० मीटर असेल तर भागिले २७.४, म्हणजे १३१ मिनिटं, दोन तास अकरा मिनिटं. आता यूट्यूबवर खाली किती वेळ दिसतोय ते बघा. १२६ दिसला तर काळजी करू नका, कारण आपल्याकडच्या टीव्हीसाठी, व्हीसीडी-डीव्हीडीसाठी जुन्या कॉप्या केल्या त्या सेकंदाला २५ फ्रेमनी, त्यामुळे पिक्चर चार टक्के भरभर पळतो आणि आवाजही किंचित वर चढतो. पण १०५ दिसला तर कात्री लागलीये. बहुतेक वेळा गाणी जातात, कारण मधे कधीतरी तो टीव्हीच्या स्लॉटमधे बसवलेला असतो. मग मी तीन-चार अपलोड उघडून ज्याचा वेळ जास्त तो घेते. चित्र थोडं खराब चालेल पण गाणं कापलेलं नको, हे आमच्या घरातलं धोरण आहे, लेकीचं मत वेगळं आहे पण ती बघत नसल्यामुळे तिला मत नाही.

सर्टिफिकेटच कापून टाकलेलं असलं तर काय करणार, गप बघायचं.

बरं पिक्चर सापडला, आता तो मोठ्या टीव्हीवर कसा न्यायचा. स्मार्ट टीव्ही असेल तर प्रश्नच नाही. आमचा आतल्या खोलीतला टीव्ही जुना आहे, एलईडी आहे पण स्मार्ट नाही, आणि तो टाकून द्यायचा विचार चालला होता कारण "त्यावर काही दिसत नाही". अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप आणि दोनशे-तीनशे रुपयांची एचडीएमआय वायर, बास. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, चार्जर लावूनच चालतो, पण पिक्चर लावायला तेवढा पुष्कळ झाला. मोबाइलमधून थेट वायर लावायच्या भानगडीत पडण्याआधी मात्र एक तपासा, टाइप-सीचं भोक असलेल्या प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर येत नाही, स्वस्तातल्या बहुतेक फोनांत ती सोयच नसते. दुकानदार "चलेगा मॅडम" म्हणून टाइप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर हातात देतो, त्याचं काय जातंय. फोनच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउट असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

पेन ड्राइव्हचं वेगळंच रामायण. फाइल चार जीबीच्या वर गेली आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटमधे असला तर कॉपीच होत नाही, मग तो एक्सफॅटमधे फॉरमॅट केला तर जुना टीव्ही म्हणतो हा कोण, मी ओळखत नाही. आणि सगळं जमून पिक्चर सुरू झाला तर चित्र आहे आणि आवाज नाही, वर एक ओळ येते ऑडिओ फॉरमॅट सपोर्ट नाही. त्याला हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकून आवाज एएसी या फॉरमॅटमधे करून घ्यायचा, ते चित्रही नव्याने बनवतं म्हणून वेळ लागतो. रात्री लावून झोपायचं, सकाळी झालेलं असतं.

आणि कृपा करून टीव्हीचं झूम बंद करा. १९५५ च्या आधीचे पिक्चर जवळजवळ चौकोनी चौकटीचे असतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच, दिसायलाच पाहिजेत. आमच्या शेजारच्या काकांना त्या पट्ट्या म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, त्यांनी सेटिंग ताणून ठेवलंय, त्यांच्याकडे सगळ्या नट्या नुकत्याच दिवाळी करून आल्यासारख्या दिसतात. रिमोटवर पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट असं बटण असतं, तिथे चित्र ताणलं जाणार नाही तो आकार निवडायचा. लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकटच्या प्लेअरमधे बघत असाल तर कीबोर्डवरचं ए दाबत राहिलं की आकार बदलत जातो, माणसं माणसांसारखी दिसली की थांबायचं.

डिस्कचं सांगायचं राहिलं. ऐन भरात असताना म्हणजे २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने बाजार पाडला होता आठवतं का, २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी, त्याआधी हेच शंभर-दीडशेच्या पुढे असायचं. लोकांनी पोत्यांनी घेतल्या. पुढे कंपनी बुडाली, मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्या-पिक्चरच्या डिस्कचं दुकान २०१६ ला बंद झालं, आणि ती सगळी पोती आता लोकांच्या माळ्यावर आहेत. तुमच्या नातेवाइकांत एकदा ग्रुपवर टाकून बघा, "जुन्या मराठी सीडी कोणाला द्यायच्यात का", मी टाकलं तर धुळ्याच्या मावससासूबाईंनी बॅग भरून पाठवली, वर म्हणाल्या एवढं नेतेच आहेस तर कॅसेटपण ने. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार असतो तिथेही ढिगात मिळतात, पण उन्हात चमकवून बघितल्याशिवाय घेऊ नका. ओरखडे एकवेळ चालतात, ते गोल गोल गेलेले असतील तर अडकते, आतून बाहेर गेलेले असतील तर बऱ्याचदा चालते. कोकणातून आलेल्या डिस्कवर पांढरी जाळी धरलेली असते, ती साबणाच्या पाण्याने मऊ कापडाने पुसायची, मधून कडेकडे, गोल फिरवून नाही.

डीव्हीडी मिळाली तर डीव्हीडीच घ्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, त्या काळच्या डबा टीव्हीवर ठीक होतं, आताच्या त्रेचाळीस इंचीवर नाक कुठे आणि नथ कुठे कळत नाही. शिवाय एका डिस्कवर सत्तर-ऐंशी मिनिटंच मावतात म्हणून ऐन रंगात उठून दुसरी लावायची. पण कितीतरी मराठी पिक्चर असे आहेत की ते व्हीसीडीवर आले, डीव्हीडीवर आलेच नाहीत, मग नाइलाज.

सेकंडहँड प्लेअर पाचशे-सातशेला मिळतो, रिमोट बघून घ्या, रिमोट नसेल तर काही मॉडेलात मेनूच हलत नाही. त्याची लाल-पांढरी-पिवळी वायर लावायला नवीन टीव्हीत तीन भोकं नसतात, एकच छोटं हेडफोनसारखं असतं, एव्ही इन लिहिलेलं. त्याला एका टोकाला ती बारीक पिन आणि दुसरीकडे तीन रंग अशी वायर लागते, सेट टॉप बॉक्सबरोबर येते तसली. गंमत अशी की त्या बारीक पिनेवरच्या पट्ट्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. लावल्यावर चित्र न येता नुसती घरघर आली तर वायर खराब म्हणून परत करू नका, पिवळी काढून लाल जागी लावून बघा, मग पांढऱ्या जागी. कुठेतरी लागतं.

ज्यांना इंटरनेटच नको, म्हणजे गावाला आईवडील आहेत, नेट येतं जातं, त्यांच्यासाठी दूरदर्शनवाल्यांची डीडी फ्री डिश. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, दोनेक हजारांत काम होतं, महिन्याचे पैसे शून्य. पिक्चरचे चॅनल भरपूर असतात पण चॅनलच्या जागांचा लिलाव होतो, त्यानुसार बदलत राहतात त्यामुळे आज आहे तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही. बॉक्स एमपेग-४ वालाच घ्या, जुन्या बॉक्सवर निम्मे चॅनल दिसत नाहीत. आणि मुंबई-ठाण्यात फ्लॅटमधे असाल तर आधी आग्नेयेला मोकळं आकाश आहे का बघा, कारण तो उपग्रह तिकडे आहे. आमची गॅलरी नेमकी वायव्येला, त्यामुळे ठाण्यात तो विषय मिटला, सासरच्या घरी साताऱ्याला गच्चीवर लावलाय. जाहिराती धरून अडीच तासांचा पिक्चर चार तास चालतो, पण तिथे कोणाला घाई आहे. दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी यासाठी आठवडाभर थांबलेली ती पिढी आहे.

प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲपही आहे, नोव्हेंबर २०२४ मधे गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू केलं, डाउनलोड फुकट. जुन्या मालिकांसाठी बरंय. आणि फिल्म्स डिव्हिजनचं यूट्यूब चॅनल कोणी बघत नाही पण बघाच, थिएटरात पिक्चरच्या आधी दाखवायचे ना ते माहितीपट, खजिना आहे अक्षरशः.

प्रभातचे पिक्चर आवडणाऱ्यांसाठी इंटरनेट आर्काइव्ह नावाची फुकट वेबसाइट. १९३६ चा 'संत तुकाराम' तिथे आहे, यूट्यूबवरही आहे. प्रिंट झिजलेली आहे, पाऊस पडल्यासारख्या रेषा आहेत, अभंग मधेच खरखरतात, तरी मी दोन्हीकडचं शेजारी-शेजारी लावून बघितलं तर आर्काइव्हवर चौकट नीट आहे. जुन्या फिल्मा नायट्रेटच्या असायच्या, ते भयंकर पेट घेतं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. त्यामुळे आता जे आहे ते कॉपीवरून कॉपी, क्वालिटी खराब आहे म्हणून कमेंटमधे शिव्या घालणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा.

परदेशातल्यांनी विचारलं होतं म्हणून, नणंद न्यू जर्सीला आहे, तिला इकडचे बरेच अपलोड "तुमच्या देशात उपलब्ध नाही" दाखवतात. तिकडे पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर कॅनोपी आणि हूप्ला ही पिक्चर बघायची ॲप फुकट मिळतात, महिन्याला ठरावीक पिक्चर. मराठीची आशा ठेवू नका पण सत्यजित रे वगैरे चांगल्या प्रिंटमधे मिळतात, आणि तिच्या मुलांना चॅप्लिन तिथूनच लागलाय.

सध्या माझं काम चाललंय धुळ्याच्या बॅगेतल्या व्हीसीड्या कॉम्प्युटरवर घ्यायचं, घरच्यापुरतंच. डिस्क उघडली की त्यात एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली मोठी डॅट फाइल कॉपी करायची, नाव बदलून शेवटी डॉट एमपीजी करायचं, व्हीएलसीत चालते. एका जुन्या तमाशापटाची दुसरी डिस्क मात्र फडाच्या सीनलाच अडकते, तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमधे घालून झाली, साबणाने धुऊन झाली. प्लास्टिकच्या पाकिटावरचं कव्हर नाही आणि सुरुवातीची पाटीही कापलेली, त्यामुळे नाव माहीत नाही. ब्लॅक अँड व्हाइट आहे, पाटील दुष्ट आहे (म्हणजे काही ओळख पटेल असं नाही), आणि ढोलकीवाला एका डोळ्याने अधू दाखवलाय. सासूबाई म्हणतात मी हा साताऱ्याला तंबूत बघितलाय, शेवटी तो ढोलकीवालाच पाटलाला धडा शिकवतो, नाव जिभेवर आहे. कोणाला ओळखू आला तर खाली लिहा, आणि दुसरी डिस्क असेल तर कुरियरचे पैसे मी देते.